गव्हर्नरसाहेबांच्या भुवया

१९९४ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. बँकेत माझ्या टेबलासमोर एक निवृत्त मास्तर मुदत ठेवीची पावती घेऊन बसले होते. दोन वर्षांत ठेवींवरचं कमाल व्याज १३ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलं होतं. ते आणखी उतरणार, मग सगळे शेअर बाजाराकडे धावणार, तेव्हा आपण चार पावलं आधीच निघावं, असा मास्तरांचा हिशेब होता. ठेव मोडू का, असं त्यांनी मला विचारलं. असा सल्ला देणं माझ्या अधिकारात नव्हतं. मी बोललो काहीच नाही, नुसती मान हलवली. ती मान होकाराची होती, की तुमचं तुम्ही बघा अशा अर्थाची, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. मास्तरांनी मात्र तिचा अर्थ लावला आणि ठेव मोडली.

ती मान आठवली की मला मॉंटेग्यू नॉर्मन आठवतात. १९२० ते १९४४ अशी चोवीस वर्षं ते बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर होते. त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या, तरी लंडनच्या पेढ्या त्याला हुकूम समजत, असं म्हटलं जाई.

आता घरातल्या मंडळींना प्रश्न पडेल, की बँकेच्या व्याजाचा आणि शेअरच्या भावाचा संबंध काय? हिशेब सोपा आहे. एखादा शेअर वर्षाला १० रुपये लाभांश देतो असं धरू. बँकेत १० टक्के व्याज मिळत असेल, तर त्या १० रुपयांसाठी माणूस १०० रुपये मोजेल. व्याज ८ टक्क्यांवर आलं, तर त्याच १० रुपयांची किंमत १२५ होते. धोका, नफ्यातली वाढ वगैरे गोष्टी तूर्त बाजूला ठेवू. गंमत पुढेच आहे. उद्या व्याज ८ टक्के होणार अशी सर्वांची खात्री पटली, तर शेअर आजच १२५ ला जातो. उद्या व्याज खरोखर उतरलं तरी मग भाव जागचा हलत नाही. आणि उतरलं नाही, तर धाडकन आपटतो. बाजार असा उद्याच्या अंदाजावर जगतो.

नॉर्मन यांचा जन्म ६ सप्टेंबर १८७१ चा, लंडनमधला. वडिलांचे वडील बँक ऑफ इंग्लंडचे संचालक, आईचे वडील तिथलेच गव्हर्नर. म्हणजे बँक रक्तातच होती. केंब्रिजचं शिक्षण मात्र त्यांनी वर्षभरात सोडलं. बोअर युद्धात लढून पदक मिळवलं आणि प्रकृती गमावून परतले. मनाचे फार हळवे. १९१३ साली तर उपचारांसाठी झुरिचला डॉक्टर युंग यांच्याकडे गेले. युंगनी मेंदूच्या असाध्य आजाराचं निदान केलं आणि ते साफ चुकलं. टोकदार दाढी, रुंद काठाची हॅट आणि झगा अशा वेशातला हा माणूस बँकरपेक्षा चित्रकार वाटे.

त्या काळी दर गुरुवारी बँकेच्या संचालकांची सभा भरे आणि व्याजदर जाहीर होई. दर का बदलला, किंवा का बदलला नाही, याची कारणं द्यायची नाहीत, हा नॉर्मन यांचा रिवाज. गव्हर्नर अमेरिकेला निघाले एवढं कळलं, तरी बाजारात तर्कांना ऊत येई. म्हणून ते आपल्या सचिवाचं आडनाव घेऊन प्रोफेसर स्किनर या नावाने प्रवास करत. ते नाव फुटलं आणि वार्ताहर बंदरावर गोळा होऊ लागले! गुप्ततेमुळे अफवा थांबल्या नाहीत, उलट वाढल्या.

१९२५ साली ब्रिटनने पौंड पुन्हा युद्धापूर्वीच्या भावाने सोन्याशी बांधला. त्यामागे नॉर्मन यांचा मोठा आग्रह होता. पौंड महाग झाला, निर्यात मंदावली आणि सोनं न्यूयॉर्ककडे वाहू लागलं. १९२७ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कजवळ नॉर्मन आणि त्यांचे जिवलग मित्र, न्यूयॉर्क फेडरल रिझर्व्ह बँकेचे प्रमुख बेंजामिन स्ट्राँग, फ्रेंच व जर्मन बँकरांसह एकत्र बसले. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कचा दर ४ वरून साडेतीन टक्क्यांवर आला. लंडनला हायसं वाटलं. पण पैसा स्वस्तच राहणार, असा अर्थ वॉल स्ट्रीटने काढला.

१९२८ मध्ये तोच दर तीनदा वाढवून ५ टक्के केला, तरी तेजी थांबेना. वर्षात शेअर दीडपट होणार असं वाटणारा माणूस आठ-नऊ टक्क्यांच्या कर्जाला कशाला भितो? १९२७ च्या अखेरीस २०० च्या आसपास असलेला डाऊ जोन्स निर्देशांक ३ सप्टेंबर १९२९ ला ३८१ वर गेला. त्याच महिन्यात लंडनमध्ये हॅट्री यांचा उद्योगसमूह घोटाळ्यात कोसळला आणि २६ सप्टेंबरला नॉर्मन यांनी दर साडेसहा टक्के केला. न्यूयॉर्कमधला पैसा लंडनकडे परतू लागला. ऑक्टोबरच्या कोसळणीचं ते एकमेव कारण नव्हे, पण हवा फिरायला हातभार लागलाच. पुढे न्यूयॉर्कने दर पायरीपायरीने दीड टक्क्यापर्यंत उतरवला, तरी निर्देशांक जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला. भीती बसली, की स्वस्त व्याजसुद्धा वाईट बातमीसारखं वाचलं जातं.

१९३० साली सरकारी चौकशी समितीपुढे नॉर्मन यांना बसावं लागलं. समोर अर्थतज्ज्ञ केन्स आणि कामगार पुढारी बेव्हिन. आपल्या निर्णयांची कारणं त्यांना धड मांडता आली नाहीत. पुढच्या वर्षी प्रकृती ढासळली. ते कॅनडाला गेलेले असतानाच, २१ सप्टेंबर १९३१ ला ब्रिटनने सोनं सोडलं. ज्यासाठी आयुष्य वेचलं, ते त्यांच्या गैरहजेरीत संपलं.

३० जून १९३२ ला व्याजदर २ टक्क्यांवर आला. त्याच दिवशी सुमारे २०० कोटी पौंडांच्या युद्धकर्जावरचं व्याज ५ वरून साडेतीन टक्के करण्याची सरकारी योजना जाहीर झाली. रोखे वधारले, शेअर सावरले, नवी घरं उठली. मात्र हजार पौंडांवर वर्षाला ५० पौंड मिळवणाऱ्या म्हातारीच्या हाती ३५ उरले. व्याजदराच्या प्रत्येक बातमीला अशी दोन घरं असतात. एका घरात पेढे वाटतात, तर दुसऱ्यात दुधाचा रतीब कमी होतो.

नॉर्मन ४ फेब्रुवारी १९५० ला वारले. आज आपली रिझर्व्ह बँक दर का बदलला ते सविस्तर सांगते. २०१६ पासून पतधोरण समितीच्या बैठकांची इतिवृत्तंही प्रसिद्ध होतात. तरी लोक गव्हर्नरांच्या एकेका शब्दावर तर्क लढवतातच.

मास्तरांचं काय झालं? १९९५ मध्ये ठेवींचं व्याज उतरण्याऐवजी १२ टक्क्यांपर्यंत चढलं. सप्टेंबर १९९४ मध्ये साडेचार हजारांवर असलेला सेन्सेक्स जानेवारी १९९६ मध्ये तीन हजारांखाली होता. त्या महिन्यात मास्तर पुन्हा आले. उरलेल्या पैशांची ठेव ठेवायची होती. फॉर्म मीच भरून दिला. माझ्या हललेल्या मानेचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. पण त्यांनी किती वर्षांसाठी ठेवू, असं विचारलं, तेव्हा मी पेन खाली ठेवलं, त्यांना चहा मागवला आणि मला काय वाटतं, काय कळत नाही, ते सगळं तोंडाने सांगितलं.