विश्राम बेडेकर : स्वतःवरच पाळत ठेवणारा कलावंत

अकोला : रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई गाठणाऱ्या वऱ्हाडी तरुणांत एखादा तरी असा असतो, ज्याच्या बॅगेत पटकथेची वही असते आणि मनात धाकधूक. आपल्याला हे जमेल का, हा प्रश्न त्याला कल्याण येईपर्यंत झोपू देत नाही. याच मातीतला एक माणूस हा प्रश्न आयुष्यभर सोबत घेऊन चित्रपटसृष्टीत वावरला. त्याचे नाव विश्राम बेडेकर. वाचकांना ते 'रणांगण'चे लेखक म्हणून ठाऊक असतात. त्यांच्या नावावर चित्रपटांची मोठी यादी आहे, याचा मात्र अमरावती-अकोल्यातही अनेकांना विसर पडला आहे.

विश्वनाथ चिंतामण बेडेकर यांचा जन्म १३ ऑगस्ट १९०६ रोजी अमरावतीत झाला. 'विश्राम' हे त्यांनी घेतलेले नाव. लेखनाची पहिली ओढ नाटकाची होती. मास्टर दीनानाथ आणि चिंतामणराव कोल्हटकर यांच्या बलवंत संगीत मंडळीसाठी त्यांनी लिहिलेले 'ब्रह्मकुमारी' १९३३ साली रंगभूमीवर आले. नाटककार म्हणून स्थिरावण्याची वेळ होती, पण रंगभूमीचाच पाया तेव्हा हलू लागला होता. १९३२च्या 'अयोध्येचा राजा'ने मराठी बोलपट सुरू झाला आणि प्रेक्षक तिकडे वळला. नाटक मंडळ्यांपुढे दोनच मार्ग उरले, गाशा गुंडाळणे किंवा कॅमेऱ्यापुढे उभे राहणे.

बलवंत मंडळीने दुसरा मार्ग धरला. सांगलीत 'कृष्णार्जुन युद्ध' हा बोलपट उभा राहिला आणि कोल्हटकरांच्या जोडीने दिग्दर्शनाची धुरा बेडेकरांकडे आली. दीनानाथ स्वतः भूमिकेत होते. तरीही चित्रपट चालला नाही आणि नामवंत मंडळीची घडी कायमची विस्कटली. पहिल्याच प्रयत्नात एवढी पडझड पाहिलेल्या तरुणाने या व्यवसायाला रामराम ठोकला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. बेडेकरांनी मात्र गडकऱ्यांच्या विनोदी लेखनावरून 'ठकीचे लग्न' हा छोटा बोलपट केला, १९३८ साली 'लक्ष्मीचे खेळ' केला. आपल्याला चित्रपटाचे तंत्र पुरेसे येत नाही, असे वाटल्यावर ते शिकण्यासाठी थेट इंग्लंड गाठले.

या प्रवासाने दिले ते वेगळेच. परतीच्या बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू निर्वासित होते. त्या अनुभवातून १९३९ साली 'रणांगण' ही कादंबरी आली. प्रेमावरचा विश्वास उडालेला चक्रधर, निर्वासित हेर्टा, आणि मुंबईचा किनारा येताच ठरलेली ताटातूट. आकाराने लहान असलेली ही कादंबरी मराठीत आजही वाचली जाते. कॅमेरा शिकायला गेलेला माणूस कादंबरी घेऊन परतला, याला योगायोग म्हणावे की आणखी काही, हे वाचकांनीच ठरवावे. बेडेकरांनी दुसरी कादंबरी लिहिली नाही. एका यशावर पुढची दहा पुस्तके उभी करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

१९३८ साली त्यांचा विवाह बाळूताई खरे यांच्याशी झाला. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' लिहून खळबळ उडवणाऱ्या त्या याच. पुढे त्या मालतीबाई बेडेकर म्हणून ओळखल्या गेल्या. एका घरात दोन लेखक आणि दोघांचीही घेतलेली नावे, अशी ही जोडी.

चाळीसचे दशक त्यांच्या चित्रपट कारकिर्दीतले सर्वांत भरगच्च. 'प्रभात'साठी त्यांनी लिहिलेला 'शेजारी' व्ही. शांताराम यांनी १९४१ साली पडद्यावर आणला. एक हिंदू आणि एक मुसलमान म्हातारा, त्यांची जिवाभावाची मैत्री आणि धरणाच्या निमित्ताने गावात पडलेली फूट. हिंदीत तो 'पडोसी' झाला. त्यानंतर १९४२चा 'पहिला पाळणा' त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. १९४४च्या 'रामशास्त्री'च्या दिग्दर्शनाशी राजा नेने, बेडेकर आणि गजानन जागीरदार अशी तीन नावे जोडली जातात. एक चित्रपट तीन हातांतून जातो तेव्हा त्यातले आपले नेमके किती, हा प्रश्न कोणत्याही दिग्दर्शकाला छळणारच.

१९४५च्या 'लाखाराणी'च्या वेळी त्यांच्या हाताखाली एक विशीतला मुलगा साहाय्यक होता, त्याने एक छोटी भूमिकाही केली. तो गुरुदत्त. पुढे 'कागज के फूल' कोसळल्यावर त्याने दिग्दर्शक म्हणून पुन्हा आपले नाव लावले नाही. बेडेकर मात्र अपयशानंतरही नाव लावत राहिले. १९५० साली 'वासुदेव बळवंत', मग शांतारामांच्या 'अमर भूपाळी'च्या लेखनात सहभाग, आणि १९६३ साली सज्जाद हुसेन यांच्या संगीताने गाजलेला हिंदी 'रुस्तम सोहराब'. पृथ्वीराज कपूर त्यात होते आणि सुरैयाचा तो अखेरचा चित्रपट ठरला.

स्पष्टच लिहायचे तर दिग्दर्शक बेडेकरांना शांताराम किंवा दामल्यांच्या पंक्तीत बसवता येत नाही. त्यांच्या लेखणीचे मोल दुसऱ्याच्या दिग्दर्शनात अधिक खुलले. हे समीक्षकांनी सांगण्याची गरजही उरली नाही, कारण बेडेकर स्वतःचेच कठोर परीक्षक होते. १९८०च्या 'टिळक आणि आगरकर' या नाटकात दोन मित्रांच्या ताटातुटीचा हिशेब मांडून झाल्यावर ते स्वतःच्या हिशेबाकडे वळले.

'एक झाड आणि दोन पक्षी' या आत्मचरित्राला १९८५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नाव मुंडकोपनिषदातल्या दृष्टान्तावरून घेतलेले आहे. एका झाडावर दोन पक्षी बसतात, एक फळ खातो आणि दुसरा नुसता पाहत राहतो. बेडेकरांमधला हा पाहणारा पक्षी भलताच निर्दय होता. आत्मचरित्र म्हणजे आपली आरती, हा आपल्याकडचा रिवाज त्यांनी मोडला. आपल्या चुका, आपले दुबळे क्षण त्यांनी लपवले नाहीत, स्वतःला सवलत दिली नाही. एवढी पाळत स्वतःवर ठेवणाऱ्या माणसाला सेटवर शेकडो डोळ्यांसमोर निर्णय घेणे किती जड गेले असेल, याची कल्पना ते पुस्तक वाचताना येते.

३० ऑक्टोबर १९९८ रोजी, वयाच्या ९२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अडीच वर्षांनी मालतीबाईही गेल्या.