कर्मवीर भाऊराव पाटील : गरिबाच्या लेकरांची दिंडी

वारकरी सज्जनहो, माउलींची पालखी नीरास्नान करून सातारा जिल्ह्यात शिरते आणि लोणंद, तरडगाव, फलटण असे मुक्काम करीत पुढे जाते, हे आपणा सर्वांच्या पायांना ठाऊक आहे. याच सातारा जिल्ह्यात एका माणसाने चाळीस वर्षे एक निराळी दिंडी चालविली. ती गरिबाच्या लेकरांची होती, आणि तिचा मुक्काम होता शाळा व कॉलेज. ते पुरुष म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. ते माळकरी नव्हते, जन्माने जैन. पण पंगतीत भेद नाही आणि कष्टाला लाज नाही, ही आपल्या पंथाची शिकवण त्यांनी जशी आचरणात आणली, तशी आपल्यापैकी किती जणांनी आणली असेल, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. म्हणून आम्ही त्यांचे चरित्र येथे सांगत आहो.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळ कुंभोज येथे झाला. मूळ गाव वाळवे तालुक्यातले ऐतवडे बुद्रुक. हा मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० पासून त्याला सांगली जिल्हा म्हणू लागले. कोल्हापुरास शिकायला राहिले असता शाहू महाराजांचे काम त्यांनी डोळ्यांनी पाहिले. स्वतः ते मॅट्रिकही झाले नाहीत. पुढे शिकवण्या केल्या, ओगल्यांची काच आणि किर्लोस्करांचे नांगर खपविण्यासाठी गावोगाव फिरले. या फिरतीत त्यांना एक गोष्ट कळली. पोरं हुशार आहेत, आईबापांची इच्छाही आहे. पण तालुक्याच्या गावी मुलाला ठेवायचं कुठं आणि त्याच्या पोटाला घालायचं काय, या दोन प्रश्नांपाशी सगळं अडतं.

इस्लामपूरच्या शाळेत एक मुलगा अस्पृश्य म्हणून वर्गाबाहेर बसविलेला त्यांनी पाहिला. त्याला सोबत घेऊन ते कोल्हापुरास गेले आणि तेथील वसतिगृहात त्याची सोय लावली. सांगलीकडे दुधगावातही सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढण्यात त्यांचा पुढाकार होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ साली साताऱ्यास बोर्डिंग सुरू झाले आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले.

या बोर्डिंगात ब्राह्मण, मराठा, महार, मांग, मुसलमान अशी सगळी मुले एका पंगतीला जेवत. पाणी भरणे, भाकरी करणे, भांडी घासणे हे सगळे मुलांनीच करायचे. पण नुसत्या पंगतीने पोट भरत नाही. धान्य कुठून आणायचं? दळायला बसताना घरच्या बाईने मूठभर धान्य बाजूला ठेवावे, असा मूठफंड गावोगाव सुरू झाला. तेही पुरेना, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचा एकेक दागिना काढून दिला आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या माउलीने देह ठेवला. आमच्या मते रयतेच्या इमारतीचा पहिला दगड तोच.

तथापि भाऊरावांचे खरे मर्म दान मिळविण्यात नव्हते. फुकटाचं खाऊन शिकलेला मुलगा मान खाली घालून जगतो, हे त्यांना नको होते. म्हणून त्यांनी कमवा आणि शिका ही रीत घालून दिली. मुलाने रोज काही वेळ शेतात, बागेत किंवा बांधकामावर राबावे आणि त्यातून आपले जेवण व शिक्षण मिळवावे. मुलांनी माळ फोडून शेती केली, दगड वाहिले, भिंती उभारल्या. दिंडीत नाही का, ज्याच्याजवळ शिधा आहे तो शिधा देतो आणि ज्याच्याजवळ नाही तो पाणी भरतो, तंबू ठोकतो? पंगतीला दोघेही सारखेच बसतात. भाऊरावांनी हाच न्याय शिक्षणाला लावला.

या रीतीवर १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. मध्यंतरी सरकारी अनुदान बंद पडले, तेव्हा म्हातारपणी ते पुन्हा गावोगाव हिंडले आणि रयतेने संस्था तगविली. १९५४ साली कऱ्हाडात कॉलेज काढले, त्याला नाव दिले सद्गुरू गाडगे महाराजांचे. जेवायचं ताट मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोराला शिकवा, असे कीर्तनातून कळवळून सांगणारे गाडगेबाबा आणि भाऊराव एकाच वाटेचे वाटसरू होते.

१९५९ च्या आरंभी पद्मभूषण मिळाले, एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली, आणि ९ मे १९५९ रोजी त्यांनी पुण्यास देह ठेवला. संस्था मात्र वडाच्या पारंब्यांसारखी पसरली. पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना आजही त्यांचेच नाव लावते.

आता थोडे आपल्या घरचे. आषाढी तोंडावर येते आणि कॉलेजचे प्रवेशही त्याच दिवसांत येतात. पूर्वी अडचण बोर्डिंग नाही ही होती; आज पुष्कळदा अडचण कागदाची असते. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क-शिष्यवृत्ती आहे, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घरांतील मुलींना, सरकारी प्रवेश फेरीतून व्यावसायिक शिक्षणास गेल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. पण तहसिलीतला उत्पन्नाचा दाखला वेळेवर निघाला नाही, बँकेचे खाते आधारला जोडलेले नसले, महाडीबीटीवर अर्ज भरायचा राहिला, की हाती आलेली मदत निसटते. बाप म्हणतो, आपल्याला नाही झेपायचं. आणि पोरगी घरी बसते.

म्हणून आमची विनंती एवढीच की, पताका खांद्यावर घेण्याआधी घरच्या मुलामुलींचे दाखले काढून ठेवा. दिंडीत कोणी मास्तर असेल, कोणी शिकलेला तरुण असेल, त्याने आपल्या गावातल्या दोन घरांचे अर्ज भरून द्यावेत. पैका नसला तरी ही सेवा करता येते. लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिले. आपल्याला एक सकाळ देता येणार नाही काय?

रामकृष्णहरि.