सगळ्यांना एकच गाडी, आता दाखवा दम!

करोडपतींच्या खेळात सामान्य घरातल्या पोरांसाठी दार उघडणाऱ्या सुंदरम करिवर्धन यांची गोष्ट

अजनी चौकातला सिग्नल डोळ्यांसमोर आणा. तुम्ही बाबांच्या जुन्या स्कूटरवर. शेजारी तुमच्याच वयाचा एक जण, कोऱ्या करकरीत महागड्या बाइकवर. सिग्नल सुटतो आणि तो वर्धा रोडवर दिसेनासा होतो. आपल्याकडेही तीच बाइक असती तर याला दाखवलं असतं, असं मनात आल्याशिवाय राहत नाही. येतं ना?

आता जरा शांतपणे विचार करा. तो तुमच्यापेक्षा भारी चालवतो, की फक्त त्याच्या घरच्यांचा खिसा मोठा आहे? हे कळायला रस्त्यावर काहीच मार्ग नाही. (आणि शोधूही नका. रस्ता त्यासाठी नाही.) रेसिंगच्या ट्रॅकवर मात्र एक मार्ग आहे. सगळ्यांना एकसारखी गाडी द्यायची आणि मग बघायचं कोण पुढे जातं ते. आपल्या देशात हा मार्ग ज्यांनी पक्का केला, त्यांचं नाव सुंदरम करिवर्धन. रेसिंगवाले त्यांना नुसतं करी म्हणायचे.

गिरण्यांच्या गावातला माणूस

करिवर्धन कोइम्बतूरचे. या गावाचं आणि आपल्या नागपूरचं एक जुनं नातं आहे, कापसाचं. आपल्याकडे 1 जानेवारी 1877 ला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, तिथे 1910 मध्ये लक्ष्मी मिल्स उभी राहिली. करिवर्धन याच लक्ष्मी मिल्सच्या घराण्यातले.

पण कोइम्बतूर गिरण्यांवर थांबलं नाही. गिरण्यांची यंत्रं दुरुस्त करता करता तिथे ओतकाम आलं, लेथ आले, पंप आणि मोटारी बनवणारे कारखाने आले. जी. डी. नायडूंसारखा अवलिया संशोधक याच गावचा. यंत्र बिघडलं तर बाहेरून मागवत बसण्यापेक्षा आपणच करून बघू, ही तिथली सवय. करिवर्धन यांच्याकडे घरचा पैसा होता, गाड्यांचं वेड होतं आणि आजूबाजूला हात काळे करणारी माणसं होती. पुढचं सगळं या तिन्हींतून घडलं.

ते स्वतः रेस करायचे. विमान चालवण्याचाही नाद होता. पण ज्यासाठी त्यांची आठवण काढली जाते, ती गोष्ट मात्र गॅरेजमध्ये घडली.

तेव्हाचं रेसिंग कसं होतं?

1980च्या दशकापर्यंत दक्षिणेतल्या रेसिंगचं माहेरघर म्हणजे चेन्नईजवळचं शोलावरम. ट्रॅक कसला, तर दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी! तिथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती व्हायच्या आणि हजारो लोक बघायला यायचे. फियाट, अॅम्बॅसिडर, हेरल्ड अशा घरगुती गाड्या खोलून, इंजिन घासून-पुसून, वजन उतरवून पळवल्या जायच्या. आणि त्यांच्याच बाजूला परदेशातून आणलेल्या खऱ्याखुऱ्या रेसिंग कार. विजय मल्ल्यांनी तर तिथे एन्साइन कंपनीची फॉर्म्युला वन गाडी पळवली होती.

बघायला मजा यायची, यात शंका नाही. पण चालवणाऱ्याचं काय? परदेशी गाडी आणायची तर परवाने, आयात शुल्क आणि एक सुटा भाग मोडला की महिनोन् महिने वाट. म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर उभं राहण्याआधीच अर्धा निकाल लागलेला. ज्याची गाडी भारी, तो पुढे. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

एखाद्या मुलाच्या हातात खरंच कसब असेल तर? ते कोणाला कळणारच नव्हतं. त्या मुलालाही नाही. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते. हरण्याचं दुःख समजू शकतं, पण आपण जिंकू शकलो असतो का हेच आयुष्यभर न कळणं?

आठशेच्या इंजिनची करामत

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि देशाचा रस्ताच बदलला. तीन सिलिंडर, 796 सीसी, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. भाजी आणायला, आजीला दवाखान्यात न्यायला, चौघांना बसवून रामटेकला जायला एकदम बरोबर. या इंजिनात रेस कार कोणाला दिसली असेल?

करिवर्धन यांना दिसली. 1980च्या दशकाच्या शेवटी त्यांनी एक छोटी, उघडी, एकाच माणसाची गाडी बनवली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चाकं बाहेर, ड्रायव्हर जवळजवळ झोपलेला आणि त्याच्या पाठीमागे आपलं ओळखीचं मारुतीचं इंजिन. तिचं पूर्ण नाव लांबलचक होतं, फॉर्म्युला इंडिया सिंगल सीटर मारुती इंजिन. लोकांनी त्याचं सुटसुटीत फॉर्म्युला मारुती करून टाकलं.

यात डोकं कुठे आहे बघा. रस्त्यावरच्या मारुतीचं वजन साडेसहाशे किलोच्या घरात. दारं, काचा, मागची सीट, छप्पर सगळं काढून टाकलं की तेच साधं इंजिन चपळ होतं. आणि इंजिन बिघडलं तर? परदेशातून काही मागवायची गरज नाही. ज्या गावात मारुतीचा मेकॅनिक आहे, त्या गावात पार्ट मिळणार. महाग गाडी स्वस्त करायच्या मागे ते लागले नाहीत. मुळात जे स्वस्त होतं आणि गल्लोगल्ली मिळत होतं, त्यापासूनच त्यांनी सुरुवात केली.

जगात हा विचार नवा नव्हता. अमेरिकेत फोक्सवॅगन बीटलचे भाग वापरून फॉर्म्युला व्ही सुरू झाली होती, इंग्लंडमध्ये 1967 मध्ये फॉर्म्युला फोर्ड आली. आयर्टन सेनासारखा दिग्गज 1981 मध्ये ब्रिटनमध्ये गेला, तो याच फॉर्म्युला फोर्डमध्ये शिकायला. करिवर्धन यांनी तोच विचार आपल्या मातीतल्या इंजिनावर बसवला.

बहाणे बंद!

एकसारख्या गाड्यांच्या शर्यतीत नेमकं काय होतं, हे समजून घ्या. कारण खरी गंमत तिथेच आहे.

इंजिन एकाच जातीचं. टायर ठरलेले. कमीत कमी वजन ठरलेलं. शर्यत संपली की गाड्यांची तपासणी, कोणी आत काही हुशारी केली असेल तर बाद. मग फरक पडणार कुठे? वळणावर. ब्रेक दहा फूट उशिरा कोण मारतो, वळणातून वेग न गमावता कोण बाहेर येतो, यावर.

ताकद कमी असल्याने एक चूक केली की गेलेला वेग सरळ रस्त्यावर भरून काढता येत नाही. त्यामुळे हात आपोआप सफाईदार होतो. शिवाय समोरच्या गाडीच्या अगदी मागे चिकटून राहिलं की हवेचा अडथळा कमी होतो आणि योग्य क्षणी बाहेर पडून पुढे जाता येतं. सगळ्या गाड्या सारख्या असल्या की पाच-सहा जणांचा घोळका शेवटच्या फेरीपर्यंत एकत्र राहतो. कोण जिंकणार, ते शेवटच्या वळणापर्यंत सांगता येत नाही.

आणि हरलात तर? गाडीला दोष देता येत नाही. हे जरा कडू आहे, पण तुम्हाला तुमची खरी जागा कळते. ज्याला सुधारायचंय त्याला आणखी काय हवं?

या गाडीने काय दिलं, याचा पुरावा हवाय? कोइम्बतूरचाच नारायण कार्तिकेयन. त्याची पहिली शर्यत श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर, फॉर्म्युला मारुतीमध्ये. पहिल्याच शर्यतीत तो पोडियमवर आला. तोच मुलगा 2005 मध्ये जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरला, भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर म्हणून. 2000 मध्ये करुण चांधोकने सुरुवात केली, तीही फॉर्म्युला मारुतीतूनच, आणि पहिल्याच वर्षी तो राष्ट्रीय विजेता झाला. 2010 मध्ये तोही फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला. आजवर आपले दोनच ड्रायव्हर फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरले, आणि दोघांच्याही सुरुवातीला आठशेचं इंजिन आहे.

अर्ध्यावर संपलेली शर्यत

हे सगळं बघायला करिवर्धन मात्र नव्हते. 1995 मध्ये हवाई अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय फक्त चाळिशीच्या आसपास. नारायण फॉर्म्युला वनमध्ये पोहोचायला अजून दहा वर्षं होती.

2003 मध्ये कोइम्बतूरजवळ चेट्टीपाळयमला सुमारे दोन किलोमीटरचा ट्रॅक सुरू झाला. त्याला त्यांचं नाव दिलंय, करी मोटर स्पीडवे. तिथे आज एलजीबी फॉर्म्युला 4च्या शर्यती होतात. इंजिन मारुती स्विफ्टचं, 1300 सीसी. गाड्या पुन्हा एकसारख्या. म्हणजे गाडी बदलली, विचार तोच राहिला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. स्वस्त हा शब्द रेसिंगमध्ये जरा वेगळ्या अर्थाने वापरतात. हेल्मेट, सूट, टायर, प्रवास धरला तर आजही हा खेळ मध्यमवर्गीय घराच्या बजेटमध्ये सहज बसत नाही. करिवर्धन यांनी दार सताड उघडलं असं मी म्हणणार नाही. पण बंद दाराला त्यांनी फट पाडली. ज्यांच्याकडे स्वतःसाठी भारी गाडी घेण्याइतका पैसा होता, त्यांनी दुसरा कोणीही आपल्याला हरवू शकेल अशी गाडी बनवली. हे किती जणांना जमेल?

आणि आपलं नागपूर?

आपल्याकडे असा ट्रॅक नाही, हे खरं. पण सगळंच दूर नाही. आपल्या राज्यात कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक आहे. 2010 मध्ये फोक्सवॅगनने भारतात सगळ्यांना सारख्याच पोलो देऊन पोलो कप भरवला, आणि त्यांचं मोटरस्पोर्टचं काम पुण्यातून चालायचं. काही ठिकाणी आता गाडी विकत न घेता भाड्याने घेऊनही रेस करता येते.

आणि इंजिनिअरिंगवाल्यांनो, तुमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये डोकावून बघा. पीथमपूरला होणाऱ्या बाहा स्पर्धेसाठी मुलं रात्र रात्र जागून बग्गी बनवतात. तिथेही सगळ्या संघांना ठरवून दिलेलं एकाच प्रकारचं छोटं इंजिन वापरावं लागतं. गेल्या महिन्यात मी अशा एका वर्कशॉपमध्ये संध्याकाळभर बसले होते. वेल्डिंगच्या ठिणग्या, चहाचे ग्लास, आणि सांगाड्याचं वजन दोन किलोने कसं कमी करायचं यावर जोरदार भांडण. करिवर्धन यांचं नाव तिथे कोणाला माहीत नव्हतं. पण ते करत होते तेच, जे कोइम्बतूरच्या त्या गॅरेजमध्ये झालं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी अजनी चौकात कोणी एक्सलेटर पिळून डिवचलं, तर त्याला खुशाल जाऊ द्या. त्या शर्यतीत जिंकूनही काही सिद्ध होत नाही. खरंच बघायचं असेल, तर पैसे साठवा, एखाद्या कार्टिंग ट्रॅकवर जा, त्याला सोबत घ्या आणि दोघंही सारख्याच कार्टमध्ये बसा.

दहा फेऱ्यांत कळेल.