निळ्या गोळीतली लुसी

शाळा-ज्युनिअर कॉलेजात आठवड्याला मिळणारी ती निळी गोळी आठवतेय? सगळे तिला लोहाची गोळी म्हणतात. पण तिच्यात ६० मिलिग्रॅम लोहासोबत ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिडही असतं. या दुसऱ्या घटकाची गोष्ट आपल्या मुंबईतली आहे. नया नगरहून मीरा रोड स्टेशन गाठायचं, लोकलने प्रभादेवीला उतरायचं आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटकडे चालू लागायचं.

१९२८ मध्ये इथे आली लुसी विल्स. जन्म १८८८ चा, इंग्लंडमधला. केंब्रिजमध्ये शिकली, १९११ मध्ये परीक्षा पास झाली, पण डिग्री नाही मिळाली. का? तेव्हा केंब्रिज मुलींना डिग्रीच देत नव्हतं! मग लंडनला जाऊन ती १९२० मध्ये डॉक्टर झाली. दवाखाना थाटण्यापेक्षा तिचं मन लॅबमध्ये रमायचं.

मुंबईत तेव्हा गिरण्यांमध्ये राबणाऱ्या गरोदर बायकांना जीवघेणा अ‍ॅनिमिया होत होता. लोह कमी पडलं की रक्तातल्या लाल पेशी लहान होतात. इथे त्या उलट फुगलेल्या दिसत. म्हणजे दुखणं वेगळं होतं. लुसीने डॉ. तळपदे यांच्यासोबत या बायकांचं राहणीमान आणि आहार तपासला. गरीब घरांत ताटात भाजी-फळं जवळपास नव्हतीच. मग उंदरांवर, माकडांवर प्रयोग झाले. आजारी माकडाला मार्माइट, म्हणजे यीस्टपासून बनणारा स्वस्तातला खाऊ, दिला आणि ते चक्क सुधारलं! तोच उपाय बायकांनाही लागू पडला. १९३१ मध्ये तिने हे छापलं. यीस्टमधल्या त्या अनोळखी घटकाला नाव पडलं 'विल्स फॅक्टर'.

१९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फोलिक अ‍ॅसिड वेगळं काढलं गेलं आणि कोडं सुटलं. लुसी मात्र लंडनमध्ये सायकलवरून हॉस्पिटलला जात राहिली, उतारवयात चेल्सीची नगरसेविकाही झाली. १९६४ मध्ये ती गेली.

तिच्या शोधाचा सगळ्यात मोठा उपयोग तिला बघायला मिळालाच नाही. फोलेट कमी पडलं तर बाळाच्या मेंदूत, मणक्यात व्यंग राहू शकतं, ही शंका पुढच्याच वर्षी मांडली गेली. १९९१ मध्ये सात देशांतल्या चाचणीने ती खरी ठरवली. आधी असं बाळ झालेल्या मातांना गरोदर राहण्याआधीपासून फोलिक अ‍ॅसिड दिलं, तेव्हा पुन्हा तसं होण्याचं प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटलं. नुसत्या लोहाबद्दल असा ठाम पुरावा नाही. पण लोह कमी असेल तर आईचा जीव धोक्यात येतो, बाळ कमी वजनाचं जन्मू शकतं. म्हणून गोळीत दोघंही.

यातली खरी मेख वेळेची आहे. बाळाची मज्जानलिका (न्यूरल ट्यूब) पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते. तोवर कित्येकींना दिवस गेलेत हेही कळलेलं नसतं. म्हणून मूल हवं असेल तर डॉक्टर आधीपासूनच फोलिक अ‍ॅसिड सुरू करायला सांगतात. ताईचं, वहिनीचं लग्न ठरलं असेल तर ही गोष्ट तिच्या कानावर घाला. आणि आपल्या वाट्याची निळी गोळी बॅगेत पडून राहू देऊ नका.