विजनातून पंथधुरा : श्रीनागदेवाचार्यांचे स्मरणजीवन

महानुभाव आचारधर्मात अटन, विजन, भिक्षा आणि भोजन यांचा क्रम सर्व साधकांना परिचित आहे. परंतु परिचयामुळेच विजनाचा अर्थ आपल्या हातून निसटतो. विजन म्हणजे केवळ माणसांपासून दूर बसणे, असा समज दृढ होऊ लागतो. हा समज किती अपुरा आहे, हे आद्य आचार्य श्रीनागदेवाचार्य उपाख्य भटोबास यांच्या चरित्रावरून स्पष्ट होते.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या सन्निधानी असताना भटोबासांना एकांताचे वेगळे प्रयोजन भासले नसावे; ज्याचे स्मरण करावयाचे तोच समोर होता. शके 1196 (इ. स. 1274) च्या सुमारास स्वामींचे उत्तरापंथे गमन झाले आणि ही स्थिती पालटली. भानखेडीच्या रानात भटोबासांनी विरहाचे दारुण दुःख भोगले, असे परंपरा सांगते. येथे सूक्ष्म विचार केला पाहिजे. रान तेच, एकांत तोच. परंतु त्या एकांतात शोक होता, विजन नव्हते. शोकात जीव स्वतःच्या हानीकडे पाहतो. विजनात तो परमेश्वराकडे पाहतो. बाह्य निर्जनता दोहोंना सारखीच असते.

पुढे स्वामींच्या आज्ञेप्रमाणे ते ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. सेवेने शोकाला वळण लागले. नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा या चतुर्विध स्मरणात त्यांचे चित्त स्थिरावले. कोणत्या स्थानी स्वामींनी काय केले, कोणास काय निरूपण केले, हे ते एकांतात क्रमाने आठवीत. हे त्यांचे अखंड मनन पंडित म्हाइंभटांच्या दृष्टीस पडले. आपण निरंतर कशाचे चिंतन करता, अशी पृच्छा त्यांनी केली. सर्वज्ञांच्या लीळांचे, हे उत्तर मिळताच त्या लीळा ग्रथित कराव्यात, ही प्रेरणा म्हाइंभटांना झाली. ऋद्धिपूर येथील वाजेश्वरीत हे कार्य चालले. म्हाइंभटांनी ठिकठिकाणच्या भक्तांकडून लीळा मिळवाव्यात आणि भटोबासांनी त्या पारखून घ्याव्यात, अशी ती रीत होती. शके 1200 (इ. स. 1278) च्या सुमारास सिद्ध झालेला लीळाचरित्र हा मराठीतील आद्य गद्यचरित्रग्रंथ मानला जातो. त्याचे बीज एका साधकाच्या विजनात आहे, हे आपण विसरू नये.

श्रीगोविंदप्रभूंच्या देहत्यागानंतर पंथाची धुरा भटोबासांवर आली. आता एकांत आणि लोकसंग्रह यांत विरोध निर्माण व्हावयाचा. परंतु तो झाला नाही. केशोबासांसारखे संस्कृतज्ञ शिष्य जवळ असताही, सामान्य स्त्रीजनांना ज्ञान अगम्य होऊ नये म्हणून शास्त्र मराठीतच राहावे, असा आग्रह त्यांनी धरला. जो एकांतात स्वतःचेच सुख शोधतो, त्याला अशा दुर्बळांची आठवण राहत नाही. भटोबासांना ती राहिली, कारण त्यांच्या स्मरणाचा विषय जीवोद्धारासाठी गावोगाव हिंडलेला परमेश्वरावतार होता. ज्याचे स्मरण करावे त्याची प्रवृत्ती साधकात उतरते, ती अशी.

आणखी एक विवेक येथे ध्यानात घ्यावा. वृक्षातळी बसावे, पण त्या वृक्षाचे ममत्व धरू नये. रम्य स्थळाची गोडी लागली तर स्थान पालटावे, हा आपला आचार आहे. वन हे साधन आहे, साध्य नव्हे. सावलीच्या सुखासाठी गेलेला जीव घरातील विषय सोडून वनातील विषय धरतो, इतकेच.

आज आश्रमांतून उत्सव, पारायणे, येणेजाणे वाढले आहे. हे सर्व आवश्यक असेलही. परंतु ज्या दिवशी विजनास वेळ उरला नाही, त्या दिवशी आपण बोलतो ते कोणत्या मननातून, हा प्रश्न प्रत्येक उपदेशकाने स्वतःस विचारावा. वासनिकांनीही प्रहर नव्हे तरी घटका दोन घटका गावाबाहेर एखाद्या झाडाखाली बसून एक लीळा आदिअंत आठवावी. प्रारंभी मन प्रपंचाकडे धावेल. त्याने खचू नये. भटोबासांचाही एकांत प्रथम दुःखानेच भरलेला होता.

इति दंडवत प्रणाम.