चार्ल्स डिकन्स आणि त्याचीं माणसें

चार्ल्स डिकन्सचें नांव आपल्या शाळेच्या वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस परकें नाहीं. 'ऑलिव्हर ट्विस्ट' किंवा 'डेव्हिड कॉपरफील्ड' पुष्कळांनीं संक्षिप्त रूपांत तरी वाचलें असेल. गोष्ट लिहूं पाहणाऱ्या किंवा सभेंत उभें राहून ती सांगूं पाहणाऱ्या मुलांस मात्र त्याच्या पुस्तकांइतकेंच त्याचें चरित्रही वाचण्यासारखें आहे. कारण त्याच्या कथांतील माणसें कोठून आलीं आणि पुढें त्यांचें काय झालें, हें त्यांत दिसतें.

त्याचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजीं पोर्ट्स्मथ येथें झाला. वडील आरमाराच्या पगारखात्यांत कारकून होते. स्वभावानें दिलदार, बोलण्यांत ऐसपैस, पण जमाखर्चाचा मेळ त्यांस कधींच बसला नाहीं. १८२४ सालीं सुमारें ४० पौंडांच्या कर्जापायीं त्यांची रवानगी लंडनच्या मार्शल्सी तुरुंगांत झाली. त्या काळीं तेथें ऋणकोस कैद होत असे, व त्याचीं बायकामुलेंही पुष्कळदां त्याच्याजवळच जाऊन राहत. बारा वर्षांचा चार्ल्स मात्र बाहेर राहिला. थेम्स नदीच्या कांठीं एका जुनाट, उंदरांनीं बुजबुजलेल्या इमारतींत बुटांच्या काळ्या पॉलिशचा कारखाना होता. तेथें तो आठवड्यास ६ शिलिंगांवर बरण्यांचीं तोंडें कागदानें बांधून त्यांवर चिठ्या चिकटवीत बसे.

त्याच कारखान्यांत बॉब फॅगिन नांवाचा एक पोरका, वयानें थोडा मोठा मुलगा होता. दोऱ्याची गांठ कशी मारावी हें त्यानेंच चार्ल्सला शिकविलें. एके दिवशीं चार्ल्सच्या कुशींत असह्य कळ आली, तेव्हां बॉबनें त्यास गवतावर निजवून, रिकाम्या बाटल्यांत ऊन पाणी भरून अर्धा दिवस शेकलें, आणि संध्याकाळीं त्यास घरीं पोंचविण्यास निघाला. वडील तुरुंगांत आहेत हें त्यास कळूं द्यावयाचें कसें? चार्ल्स एका अनोळखी घराच्या पायऱ्यांवर थांबला, हेंच आपलें घर असें भासवून त्यानें बॉबचा निरोप घेतला, आणि तो वळून पाहील या भीतीनें दारही ठोठावलें. दार उघडलें. समोर आलेल्या बाईस त्यानें विचारलें तें हें, कीं मिस्टर रॉबर्ट फॅगिन यांचें घर हेंच काय!

ही लाज त्यानें जन्मभर उराशीं बाळगली. फॉर्स्टर या जिवलग मित्रास त्यानें ती हकीकत लिहून दिली. स्वतःच्या मुलांस ती कळली, ती बापाच्या मृत्यूनंतर फॉर्स्टरनें लिहिलेल्या चरित्रावरून.

पुढें वकिलाच्या कचेरींत उमेदवारी, लघुलेखनाचा अभ्यास आणि पार्लमेंटांत बातमीदारी, असा त्याचा क्रम झाला. वर्षानुवर्षें दुसऱ्यांचें बोलणें शब्दशः टिपल्यामुळें प्रत्येक माणूस आपल्याच ढंगानें बोलतो, हें त्याच्या कानांत मुरलें. १८३६ मध्यें 'पिकविक पेपर्स' दरमहा एक शिलिंगास निघूं लागले, तेव्हां आरंभीं खप बेताचाच होता. चौथ्या अंकांत सॅम वेलर हा बूट पुसणारा हजरजबाबी नोकर आला मात्र, आणि खप वाढत वाढत अखेरीस ४०,००० वर गेला. कथानक तेंच होतें. भर पडली ती एका माणसाची.

त्याची थोरली मुलगी मेरी आजारी असतां तिला एकदां त्याच्या लिहिण्याच्या खोलींत निजूं दिलें होतें. बाप लिहितां लिहितां उठतो, आरशापुढें जाऊन तोंडें वेडींवांकडीं करतो, पुटपुटतो आणि धांवत येऊन पुन्हां लिहूं लागतो, हें तिनें डोळ्यांनीं पाहिलें.

परंतु जिवंत माणसांवरून पात्रें रेखाटणारास एक धोका असतो. लंडनमध्यें सीमोर हिल नांवाची ठेंगणी बाई लोकांच्या पायांचीं कुरुपें काढण्याचा धंदा करी. १८४९ च्या डिसेंबरांत 'कॉपरफील्ड'च्या अंकांत मिस माउचर हें हास्यास्पद व कांहींसें संशयास्पद पात्र आलें, आणि त्यांत त्या बाईस स्वतःचें रूप दिसलें. तिनें अत्यंत दुःखानें पत्र लिहिलें. डिकन्सनें आपली चूक कबूल केली आणि पुढें एका अंकांत माउचर सत्प्रवृत्त ठरविली. कीर्तनकार श्रोत्यांचे चेहरे पाहून आख्यान वळवितो, तसें मासिक अंकांमुळें त्यास हें साधलें.

फॅगिनची गोष्ट याहून अवघड. ज्या मुलानें त्यास शेकलें, त्याचेंच नांव त्यानें 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधील चोरांच्या म्होरक्यास दिलें. बॉबवर हा अन्यायच झाला असें आम्हांस वाटतें. शिवाय तो म्होरक्या यहूदी दाखवून जागोजाग त्याचा उल्लेख केवळ जातीनेंच केला. १८६३ सालीं एलायझा डेव्हिस या यहूदी बाईनें, हा आमच्या लोकांवर घोर अन्याय आहे, असें त्यास कळविलें. प्रथम त्यानें आपल्या लेखनाचें समर्थन केलें. पण तें पत्र त्याच्या मनांत सलत राहिलें असावें. 'अवर म्युच्युअल फ्रेंड' या पुढच्याच कादंबरींत त्यानें रायाह हा सज्जन यहूदी वृद्ध आणला. खरें सांगावयाचें तर रायाह इतका निर्दोष आहे कीं त्यांत जीवच उतरला नाहीं. फॅगिन मात्र वाईट असूनही विसरतां येत नाहीं. १८६७ च्या आवृत्तींत डिकन्सनें 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधील तो जातिवाचक उल्लेख अनेक ठिकाणीं काढून टाकला.

१८५८ पासून तो पैसे घेऊन आपल्या पुस्तकांचें जाहीर वाचन करी. अशीं सुमारें ४७० वाचनें त्यानें केलीं. वेष नाहीं, पडदा नाहीं. एक मेज, गॅसचे दिवे आणि आवाज. एकेका वाचनाची तालीम तो पुष्कळ वेळां करी. शेवटच्या वर्षांत तो नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग वाची, तेव्हां त्याची नाडी मिनिटास ७२ ठोक्यांवरून १२० च्या घरांत जाई. डॉक्टरांनीं बजाविलें तरी त्यानें ऐकलें नाहीं. त्या वाचनांत फॅगिनही बोले. परंतु रंगभूमीवर यहूदी माणसाचें सोंग आणतांना नाकांतून बोलण्याची व खांदे उडविण्याची जी रूढी होती, ती त्यानें पार वगळली होती, असें १८६९ मध्यें एका लंडनच्या मासिकानें नमूद केलें आहे.

१५ मार्च १८७० रोजीं लंडनच्या सेंट जेम्सेस हॉलमध्यें त्यानें अखेरचें वाचन केलें, आणि ९ जून रोजीं गॅड्स हिल येथील घरीं त्याचा अंत झाला. 'एडविन ड्रूड'च्या १२ अंकांपैकीं ६ लिहून झाले होते. त्यांतील नाहींसा झालेला तरुण जिवंत होता कीं मेला होता, हें सांगावयाचें राहूनच गेलें.