टॉमी डग्लस : प्रांतातून देशाकडे

कॅनडात २८ एप्रिल २०२५ रोजी झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला अवघ्या ७ जागा मिळाल्या. कॉमन्स सभागृहात अधिकृत पक्ष म्हणून मान्यता मिळण्यास १२ जागा लागतात. तेवढ्याही त्याच्या वाट्याला आल्या नाहीत. या पक्षाने २०२२ ते २०२४ या काळात लिबरल पक्षाच्या अल्पमतातील सरकारला तारले होते आणि त्याच्या मोबदल्यात दंतोपचाराची सरकारी योजना पदरात पाडून घेतली होती. योजना आली, तिचे श्रेय सत्ताधाऱ्यांनी घेतले आणि पाठिंबा देणारा पक्ष मात्र नामशेष होण्याच्या पंथाला लागला. ओटावातील जुन्या जाणत्यांना यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. या पक्षाचे पहिले नेते टॉमी डग्लस यांचे निम्मे आयुष्य याच व्यवहारात गेले होते.

तो व्यवहार समजण्यासाठी कॅनडाच्या संघराज्याची एक अडचण ध्यानात घ्यावयास हवी. आपण ज्याला राज्य म्हणतो त्याला तेथे प्रांत म्हणतात. १८६७ च्या घटनेने रुग्णालयांची जबाबदारी प्रांतांवर टाकली. वाटेल त्या प्रकारचा कर बसविण्याचा अधिकार मात्र मध्यवर्ती सरकारकडे ठेवला. खर्च एकाच्या माथी आणि पैसा दुसऱ्याच्या हाती, अशी ही रचना. गरीब प्रांताने अशा स्थितीत काही मोठे करू म्हटले, तर ते कसे करावे? डग्लस यांचे चरित्र म्हणजे या प्रश्नाचे एक उत्तर आहे, आणि ते उत्तर हिशेबाच्या वह्यांत जितके सापडते तितके भाषणांत सापडत नाही.

डग्लस यांचा जन्म १९०४ साली स्कॉटलंडमधील फॉलकर्क येथे झाला. वडील लोखंडाच्या ओतशाळेत कामगार होते. हे कुटुंब कॅनडातील विनिपेग शहरी आले, तेव्हा मुलाच्या पायाच्या हाडाचा जुना विकार बळावला. पाय कापण्यावाचून गत्यंतर नाही असे ठरत आले होते. परंतु एका नामांकित शल्यविशारदाने, आपल्या विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू द्यावी एवढ्या अटीवर, ती विनामूल्य केली आणि पाय वाचला. पाय वाचला तो हक्क म्हणून नव्हे, एका भल्या माणसाच्या मर्जीमुळे, ही बोच डग्लस यांच्या मनात कायम राहिली. पुढे त्याच पायांवर उभे राहून त्यांनी १९२२ साली मॅनिटोबा प्रांताचे लाइटवेट मुष्टियुद्धातील अजिंक्यपद मिळविले. त्याआधी १९१९ च्या जूनमध्ये विनिपेगच्या सार्वत्रिक संपात पोलिसांनी निदर्शकांवर केलेला गोळीबार त्यांनी चौदाव्या वर्षी एका इमारतीच्या छपरावरून पाहिला होता. छापखान्यात उमेदवारी, मग ब्रँडन कॉलेजात शिक्षण, आणि १९३० मध्ये सस्कॅचेवान प्रांतातील वेबर्न या गावी बाप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशकपद, असा त्यांचा मार्ग होता.

ते वेबर्नला आले आणि मंदीही आली. गव्हाचे भाव कोसळले, पाठोपाठ अवर्षण आले, शेतांवरची माती वाऱ्याने उडून गेली. १९२८ ते १९३३ या पाच वर्षांत प्रांताचे दरडोई उत्पन्न दोन तृतीयांशाहून अधिक घटले. पैशाअभावी डॉक्टर न मिळालेल्यांचे दफनविधी करण्याची पाळी या तरुण धर्मोपदेशकावर आली. याच काळातील एक गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. १९३३ साली मॅकमास्टर विद्यापीठाला सादर केलेल्या एम. ए. च्या प्रबंधात त्यांनी मनोदुर्बल व्यक्तींच्या निर्बीजीकरणाचा पुरस्कार केला होता. शेजारच्या आल्बर्टा प्रांतात तसा कायदा १९२८ पासून होता आणि अनेक सुशिक्षितांना तो पुरोगामी वाटत असे. सत्ता हाती आल्यावर डग्लस यांनी हा मार्ग अवलंबिला नाही, एवढे त्यांच्या बाजूने सांगता येते. प्रबंध मात्र राहिलाच.

को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन, म्हणजेच सीसीएफ, हा शेतकरी, कामगार व समाजवादी यांचा पक्ष १९३२ साली कॅलगरी येथे स्थापन झाला. १९३४ च्या प्रांतिक निवडणुकीत डग्लस पडले. पुढच्याच वर्षी ते मध्यवर्ती निवडणुकीस उभे राहिले आणि या वेळी त्यांनी सोशल क्रेडिट या प्रतिस्पर्धी पक्षाच्या स्थानिक मंडळींचा पाठिंबा मुकाट्याने घेतला. त्यावरून स्वपक्षात मोठे वादळ उठले, एम. जे. कोल्डवेल यांनी सांभाळून घेतले म्हणून ते निभावले. धर्मोपदेशक राजकारणात भोळा असतो, या समजाला येथेच तडा जातो. ते निवडून आले आणि नऊ वर्षे ओटावात बसून मध्यवर्ती सत्तेची यंत्रणा आतून शिकले.

१५ जून १९४४ रोजी सस्कॅचेवानमध्ये सीसीएफने ५२ पैकी ४७ जागा जिंकल्या आणि डग्लस मुख्यमंत्री झाले. उत्तर अमेरिकेतील हे पहिले समाजवादी सरकार. त्यांच्यासमोर खरा प्रतिस्पर्धी विधिमंडळात नव्हता, ओटावात होता. प्रांताचे माजी मुख्यमंत्री जिमी गार्डिनर हे पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांच्या मंत्रिमंडळात शेतीमंत्री होते आणि सस्कॅचेवानमधील लिबरल पक्षाची सारी सूत्रे तेथूनच हलवीत. रस्त्यांच्या कामावरील सरकारी निरीक्षक हे पक्षाचे प्रचारक, अशी ती ख्यातनाम यंत्रणा होती. नवे सरकार येताच दुष्काळातील बियाणे-कर्जाची थकबाकी ओटावाने पुढे केली आणि प्रांताला द्यावयाच्या रकमांतून ती कापून घेण्यास प्रारंभ केला. शेतकऱ्यांना जप्तीपासून संरक्षण देणारा प्रांताचा कायदा रद्द करावा अशी मागणी झाली; अखेर न्यायालयांनी तो घटनाबाह्य ठरविला.

डग्लस यांनी याला दिलेले उत्तर मला, अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून, सर्वांत मोलाचे वाटते. त्यांनी कर्ज फेडले. अर्थमंत्री क्लेरन्स फाइन्स हे मूळचे शिक्षक (या पक्षात शिक्षकांचा भरणा मोठा होता, कोल्डवेल आणि पुढे मुख्यमंत्री झालेले वुड्रो लॉइड हेही शिक्षकच). या समाजवादी सरकारने अंदाजपत्रकात वर्षानुवर्षे शिल्लक दाखविली. सावकाराच्या दारात उभे असलेल्या सरकारचे धोरण सावकारच ठरवितो, ही डग्लस यांची पक्की धारणा होती. चुकाही झाल्या. सरकारी जोड्यांचा कारखाना आणि कातडी कमावण्याचा कारखाना तोट्यात गेले; ते हट्टाने चालविण्याऐवजी बंद करण्यात आले. सरकारी मोटार विमा आणि १९४९ नंतर शेतावर पोहोचलेली वीज या गोष्टी मात्र टिकल्या. सरकारी नोकरांना संघटित होऊन वाटाघाटी करण्याचा हक्क कायद्याने देणारा कॅनडातील पहिला प्रांतही हाच. नेमणुका लोकसेवा आयोगाकडे सोपवून त्यांनी गार्डिनर यांच्या यंत्रणेचे मूळच उखडले, आणि आपल्याही कार्यकर्त्यांची नाराजी ओढवून घेतली.

आरोग्यखाते त्यांनी प्रारंभी स्वतःकडेच ठेवले होते. १ जानेवारी १९४७ पासून प्रांतात सर्वांसाठी रुग्णालय विमा सुरू झाला. वर्गणी माणशी वर्षाला ५ डॉलर, कुटुंबास जास्तीत जास्त ३०. डॉक्टरांच्या शुल्काचा विमा मात्र त्यांनी पुढे ढकलला, कारण तिजोरीत तेवढे बळ नव्हते. असे एक तप गेले. मग ओटावात १९५७ साली लिबरल सरकारने रुग्णालय विम्याच्या खर्चाचा सुमारे निम्मा वाटा उचलण्याचा कायदा केला. बहुसंख्य प्रांत सामील होतील तेव्हाच पैसे देऊ, अशी अट मात्र घातली. ती अट काढून टाकली काँझर्व्हेटिव्ह पंतप्रधान डीफेनबेकर यांनी, आणि तेही सस्कॅचेवानचेच. जुलै १९५८ पासून ओटावाचा पैसा येऊ लागला. डग्लस यांचा प्रांत अकरा वर्षे जो भार एकट्याने वाहत होता तो निम्म्याने हलका झाला, आणि मोकळा झालेला पैसा त्यांनी ताबडतोब पुढच्या पायरीसाठी राखला. डिसेंबर १९५९ मध्ये वैद्यकीय विम्याची घोषणा झाली, १९६० ची निवडणूक त्याच प्रश्नावर लढवून जिंकली.

यानंतरचा निर्णय वादाचा आहे. सीसीएफ आणि कामगार संघटना यांच्या मिलाफातून १९६१ साली न्यू डेमोक्रॅटिक पक्ष निघाला, त्याचे नेतृत्व स्वीकारून डग्लस मध्यवर्ती राजकारणात गेले. कायदा संमत झाला, पण तो राबविण्याचे संकट लॉइड यांच्यावर आले. १ जुलै १९६२ रोजी योजना अमलात आली त्याच दिवशी प्रांतातील बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. संप २३ दिवस चालला. ब्रिटनहून डॉक्टर आणावे लागले. मजूर पक्षाचे लॉर्ड टेलर यांच्या मध्यस्थीने अखेर सॅस्काटून येथे तडजोड झाली. त्याआधी पंधरवड्यापूर्वीच, १८ जून रोजी, संतप्त रेजायना शहराने डग्लस यांना मध्यवर्ती निवडणुकीत मोठ्या फरकाने पाडले होते. वादळ दिसत असताना त्यांनी सुकाणू दुसऱ्याच्या हाती द्यावयास नको होते, असे माझे मत आहे. श्रेयाच्या यादीत लॉइड यांचे नाव आज क्वचितच येते. १९६४ मध्ये त्यांचे सरकार पडले, ते पूर्वी सीसीएफचेच खासदार असलेल्या रॉस थॅचर यांच्या लिबरल पक्षाकडून. परंतु योजना रद्द करण्याचे धाडस थॅचर यांनाही झाले नाही.

ओटावात डग्लस यांचा पक्ष कधी १७, कधी २१ जागांवर अडकून राहिला. पोटनिवडणुकीतून सभागृहात येणे, १९६८ मध्ये पुन्हा पडणे, पुन्हा पोटनिवडणूक, असे त्यांचे चालले होते. पण १९६३ आणि १९६५ या दोन्ही निवडणुकांत लिबरल पंतप्रधान पीअर्सन यांना बहुमत मिळाले नाही, आणि येथे त्या वीसएक मतांना भाव आला. वैद्यकीय विम्याची देशव्यापी शिफारस ज्या आयोगाने केली तो डॉक्टरांच्या संघटनेच्याच मागणीवरून डीफेनबेकर यांनी नेमला होता. त्याचे अध्यक्ष एमेट हॉल हे डीफेनबेकर यांचे सहाध्यायी. डॉक्टरांना अपेक्षित होते त्याच्या नेमके उलट हॉल यांनी १९६४ मध्ये सांगितले. १९६६ चा कायदा १ जुलै १९६८ पासून लागू झाला. प्रांताला मिळणारी रक्कम राष्ट्रीय सरासरी खर्चाच्या निम्मी ठरविल्यामुळे काटकसरी प्रांताला आपल्या खर्चाच्या निम्म्याहूनही अधिक मिळू लागले. हे आमिष असे होते की विरोध करणाऱ्या प्रांताच्या करदात्यांचा पैसा इतर प्रांतांत खर्च होई. १९७१ पर्यंत दहाही प्रांत आत आले.

ऑक्टोबर १९७० मध्ये क्वेबेकमधील अपहरणांनंतर पंतप्रधान ट्रूडो यांनी युद्धकालीन अधिकार कायदा लागू केला, तेव्हा सभागृहात १९० मते बाजूने व १६ विरुद्ध पडली. ते १६ डग्लस आणि त्यांचे सहकारी. त्यांच्याच पक्षातील काहींनी सरकारला मत दिले, वृत्तपत्रे तुटून पडली. पुढच्या वर्षी त्यांनी नेतृत्व डेव्हिड लुइस यांच्याकडे सोपविले, १९७९ पर्यंत साधे सभासद म्हणून काम केले आणि २४ फेब्रुवारी १९८६ रोजी ओटावात त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी दोन वर्षे, १९८४ मध्ये, रुग्णांकडून डॉक्टरांनी व रुग्णालयांनी वरकड पैसे घेण्यास आळा घालणारा कॅनडा आरोग्य कायदा कॉमन्स सभागृहापुढे आला होता. तो लिबरल सरकारने मांडला, काँझर्व्हेटिव्ह पक्षाने त्याला विरोध केला नाही, आणि तो एकमताने संमत झाला. डग्लस त्या वेळी सभागृहाचे सभासद नव्हते.